आपल्या वॉर्डाची वही: हवामान बदलाला वस्तीतून उत्तर कसं द्यायचं

आमच्या गल्लीत वाण्याच्या दुकानाबाहेर एक खांब आहे. त्यावर लाल ऑइलपेंटने मारलेल्या तीन आडव्या रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख नि वेळ लिहिली आहे. पाणी जिथवर चढलं तिथे रेघ. पहिली घोट्याच्या वर, दुसरी गुडघ्याखाली चार बोटं, तिसरी दुकानाच्या दुसऱ्या पायरीला. आम्ही नवी मुंबईत खाडीच्या अंगाला राहतो. रेघा मारायच्या आधी पाच वर्षं आम्ही ‘पाणी तुंबते, कृपया लक्ष द्यावे’ अशी निवेदनं देत होतो आणि पोच घेऊन घरी येत होतो. रेघा दिसल्यावर मात्र एक अभियंता त्या खांबापाशी बराच वेळ उभा राहिला. तिन्ही वेळा भरतीच्या होत्या. गटार तुंबलेलं नव्हतंच, खाडीच्या तोंडाशी असलेली झडप नीट मिटत नव्हती.

हवामान बदलाबद्दल सोसायटीने, मंडळाने, बचत गटाने काय करायचं, असं कोणी विचारलं की मी आधी तो खांब दाखवते. जगाचं तापमान आपल्या गल्लीत मोजता येत नाही, पण ते वाढल्यामुळे आपल्या दारात काय होतं हे आपल्याशिवाय कोणीच मोजणार नाही. ज्या वस्तीकडे स्वतःची नोंदवही आहे, तिच्या मागणीला वजन येतं. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्या वहीला धरून आहे.

आधी आपला तुकडा ओळखा

थोडं विज्ञान हाताशी असू द्या, बैठकीत लागतं. १८५० ते १९०० च्या काळाशी तुलना केली तर २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त होतं. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, म्हणून पाऊस आला की कमी वेळात जास्त कोसळतो. त्यात समुद्राची पातळी चढते आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका दिवसाचं सगळं खापर हवामान बदलावर फोडायचं कारण नाही, पण पाण्याच्या जुन्या वाटा आपण कुठे कुठे अडवल्या आहेत ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

ठाणे आणि नवी मुंबई खाडीच्या दोन काठांवर असली तरी दोघांची दुखणी वेगळी. ठाण्यात पाणी डोंगरावरून येतं. येऊरकडून उतरणारे ओढे घोडबंदर रस्ता ओलांडून खाडीकडे जातात, आणि वाटेत ते पाइपात, भिंतींत, पार्किंगच्या खाली कोंबले गेले आहेत. शहरातल्या तलावांनी एकेकाळी असलं पाणी पोटात घेतलं. आज मासुंदा, कचराळी, उपवन फिरायला जायच्या जागा झाल्या आहेत, पण त्यांचं मूळ काम पाणी थोपवण्याचं हे विसरू नये. नवी मुंबईचा बराच भाग मात्र खाजणांवर भराव टाकून उभा आहे आणि काही ठिकाणी जमीन भरतीच्या पातळीपेक्षाही खाली आहे. म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत जातं. आगरी शेतकऱ्यांच्या खारबांधाला जी उघाडी असते तिचंच हे मोठं रूप. ज्या वस्तीत हे गणित माहीत असलेला एक जरी म्हातारा कोळी वा आगरी असेल, त्याला पहिल्या बैठकीला घेऊन या.

आपला तुकडा म्हणजे फार तर एक प्रभाग, त्याहून मोठा नको. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पायी अर्ध्या तासात जाता यावं.

माणसं कुठून जमवायची

नवी संस्था काढू नका, निदान पहिली दोन वर्षं तरी नको. नोंदणी, पॅन कार्ड, अध्यक्ष कोण, यातच उत्साह जिरतो. गणेशोत्सव मंडळ, बचत गट, सोसायट्यांचे फेडरेशन, कोळीवाड्याची पंचमंडळी, रिक्षा स्टँड, भजनी मंडळ, शाळेतली हरित सेना, यांतल्या प्रत्येकातून दोन माणसं मागा. एक बोलणारा आणि एक काम करणारा. बहुतेक वेळा दुसरी व्यक्ती बाई असते.

या पट्ट्याला चळवळ शिकवावी लागत नाही. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींना १९६९ चा कायदा मिळाला तोही अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या संघटनेमुळे. दोन्ही लढे पोटाचे होते. हवामानाचा प्रश्नही असाच पोटापासून मांडला तर माणसं येतात. ‘कार्बन उत्सर्जन कमी करूया’ म्हटलं तर सहा जण येतील. ‘मेमध्ये पत्र्याखाली झोप येत नाही, त्यावर बोलूया’ म्हटलं तर सतरंजी पुरत नाही.

बैठकीची जागा विचार करून ठरवा. आम्ही पहिली बैठक एका मोठ्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये घेतली. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्या बायका गेटपर्यंत आल्या आणि रजिस्टरमध्ये नाव-पत्ता-कोणाकडे जायचं हे लिहायचं पाहून परत गेल्या. दुसरी बैठक देवळाच्या ओट्यावर घेतली, तेव्हा बत्तीस जणी आल्या. तिथेच कळलं की पाणी रात्री दोन वाजता चढतं आणि टॉवरमधल्या आम्हाला ते सकाळी उतरलेलंच दिसतं.

पायफेरी

वही उघडण्याआधी एकदा पाण्याबरोबर चाला. कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर सुरुवात करा. पन्हाळीतून पाणी कुठे येतं, तिथून आवारातल्या गटारात, तिथून रस्त्याकडेच्या गटारात, मग नाल्यात, मग खाडीत. ही वाट पायांनी पूर्ण करायची. एकदा कोरड्या दिवसात, एकदा भर पावसात. सोबत चार-पाच जण हवेतच, त्यात एक शाळकरी मूल आणि एक साठीपुढचं माणूस असावं. म्हाताऱ्याला ‘इथे पूर्वी काय होतं’ ते ठाऊक असतं आणि मुलाला मोबाइलवर नकाशा काढता येतो.

वाटेत पाहायचं ते एवढंच: वाट कुठे अरुंद होते, कुठे वळण काटकोनात आहे, गटाराची झाकणं कुठे कायमची सिमेंटने बसवलीत, नाल्यात केबल आणि पाण्याच्या पाइपलाइन कुठे आडव्या गेल्यात, राडारोडा कुठे टाकलाय. आडव्या पाइपला प्लास्टिक अडकतं आणि अख्खा नाला थांबतो, ही गोष्ट कागदावरच्या नकाशात कधीच दिसत नाही. आम्हाला असे चार अडसर सापडले. त्यातले दोन एका दिवसाच्या कामाचे होते.

वही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, रेघांची वही घ्या. मोबाइलवर तक्ता करणारे करोत, पण मूळ नोंद हाताने लिहिलेली असू द्या. प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याची सही आणि शेजारच्या एका माणसाची सही. या दोन सह्यांमुळे पुढे कोणी ‘कशावरून?’ म्हणत नाही.

पाऊस मोजायला यंत्र लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत सरळ भिंतीची काचेची बरणी गच्चीवर मोकळ्यात ठेवा, टाकी किंवा भिंतीच्या आडोशाला नको. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टी आत उभी धरा. पाण्याची उंची जितके मिलिमीटर तितका पाऊस. मग बरणी रिकामी करा. साडेआठच, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठला बदलतो आणि आपला आकडा त्यांच्याशी ताडून पाहता येतो. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे खात्याच्या भाषेत ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’.

भरतीची वेळ शेजारच्या रकान्यात. त्यासाठी छापील तक्ता मिळतो, पण आमच्याकडे एका कोळीण आजींनी शिकवलेली रीत सगळ्यांना पाठ झाली आहे. त्या मासळीची पाटी खाली ठेवून बोटांवर मोजायच्या: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. खाडीत आत गेलं की थोडा उशीर धरायचा. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण. ‘उधाणाला वरून पाऊस लागला की घरातलं धान्य वर ठेवायचं,’ हे आजींचं वाक्य आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मग पाण्याची नोंद. पाणी चढायला लागलं ती वेळ, सर्वांत वर पोचलं ती वेळ, पूर्ण उतरलं ती वेळ. खांबावर रेघ, रेघेचा जमिनीपासून उंचीचा आकडा, तारखेसकट फोटो. नुकसान नेमकं लिहा: ‘दोन गोण्या तांदूळ, एक फ्रीजची मोटर, शिलाई मशीनचा पाय’. ‘खूप नुकसान झाले’ या वाक्याला सरकारी फाइलीत किंमत नाही.

एका पावसाळ्यात अशी आठ-दहा पानं भरली की पाणी कधी भरतीमुळे थांबतं आणि कधी कचऱ्यामुळे, हे आपोआप वेगळं दिसू लागतं. ओहोटी असूनही पाणी उतरत नसेल तर वाटेत अडसर आहे. ओहोटीबरोबर झरझर उतरत असेल तर झडप, धारण तलावातला गाळ किंवा जमिनीची पातळी, यांकडे पाहायला हवं. दुखणं निराळं की औषध निराळं.

उन्हाळ्यासाठी वहीचा दुसरा भाग. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे साधे मापक दोन घ्या. एक पत्र्याच्या घरात, एक स्लॅबच्या घरात. दुपारी तीन आणि रात्री दहा, अशा दोनच नोंदी. रात्रीची चुकवू नका. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं, आणि रात्री घर निवलंच नाही तर दुसऱ्या दिवशी माणूस आजारी पडतो.

उन्हाळ्याचं काम

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर दुपारी लाखो माणसं उघड्यावर बसली होती. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. आमच्या परिसरातून तिथे गेलेल्या बायका अजून तो दिवस सांगताना थांबतात. किनारपट्टीवर पारा विदर्भासारखा चढत नाही म्हणून आपण ऊन हलक्यात घेतो. पण हवेत ओल असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. हवामान खातंही किनाऱ्यावर उष्णतेची लाट ठरवताना ३७ अंशांचा उंबरठा धरतं, मैदानी भागात तो ४० आहे.

गुढीपाडव्याच्या आसपास कामाला लागा. सगळ्यात आधी यादी: एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्ती, बाळंतिणी, बीपी-शुगरची औषधं घेणारे, पत्र्याखाली राहणारे, उन्हात काम करणारे. प्रत्येक नावासमोर एका शेजाऱ्याचं नाव लिहा, जो लाटेच्या दिवसांत दुपारी एकदा दार वाजवेल. फोन पुरेसा नाही. दार वाजवा, चेहरा पाहा.

मग छपरं. पत्र्यावर पांढरा चुना मारणं हा सर्वांत स्वस्त आणि लगेच कळणारा उपाय आहे. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा, चिकटून राहण्यासाठी त्यात थोडा डिंक किंवा सुताराचा गोंद घालायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत दोन हात मारायचे. पहिला वाळल्यावर दुसरा. पत्र्यावर थेट पाय देऊ नका, खालच्या वाशांवर येईल अशी फळी टाका. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर कोरडा घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. पाणी मारून ओला ठेवा नि मऊ झाडूनेच साफ करा. आम्ही पहिल्या वर्षी अकरा घरांवर चुना मारला. त्यातल्या एका घरात दुपारी पत्र्याला खालून हात टेकवता येत नव्हता. दोन दिवसांनी त्याच मावशींनी मला स्टुलावर चढवून हात टेकवायला लावला. पावसात चुना धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागतो, हे आधीच सांगून ठेवा.

सोसायट्यांनी स्वतःच्या गेटवर पाहावं. वॉचमनची केबिन बहुतेक ठिकाणी पत्र्याची, पश्चिमेला तोंड करून, आत एक लहान पंखा. तिच्यावर सावली करा. गेटवर माठ ठेवा, पार्सल आणणाऱ्या मुलांना लिफ्ट वापरू द्या, घरकामाच्या ताईंना दुपारी बसायला जिन्याखालची नाही, पंख्याखालची जागा द्या. हवामान बदलाला समाज म्हणून उत्तर देण्याची सुरुवात याहून जवळ कुठे नाही.

नाक्यावरचे मजूर आणि बाजारातले माथाडी यांच्यासाठी मागण्या लेखी द्या: दुपारी बारा ते चार जड काम नको, हातगाडी उभी करायच्या जागेवर सावली, पिण्याचं पाणी, ओआरएस, विश्रांतीच्या वेळेचे पैसे कापायचे नाहीत. हे युनियनच्या लेटरहेडवर गेलं तर उत्तर लवकर येतं, म्हणून युनियनला सुरुवातीपासून सोबत घ्या.

प्रथमोपचार प्रत्येकाला पाठ हवा. माणूस बरळतोय, अंग भाजल्यासारखं गरम आहे, तोल जातोय, तर हा उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओता आणि जोराने वारा घाला, काखेत आणि मानेला ओला थंड कपडा लावा, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

पावसाळ्याचं काम

इथे वही आधीच मदतीला असते, म्हणून थोडक्यात. नालेसफाई मे अखेरपर्यंत होणं अपेक्षित असतं. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या सरीत परत आत जातो, त्यामुळे साफसफाईचा फोटो एकदा काढून थांबू नका, गाळ उचलल्याचाही काढा. उंचावरच्या दोन जागा ठरवा, शाळा किंवा सभागृह, आणि तिथल्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते लिहून ठेवा. मीटरची खोली तळमजल्यावर असेल तर वीज बंद कोण करणार ते ठरवा. व्हॉट्सॲप गटावर पावसाच्या दिवशी फक्त दोघांनीच लिहायचं. जुने व्हिडिओ फिरू लागले की खरी सूचना त्यात बुडते.

गटाराचं झाकण कोणीही, कोणत्याही कारणाने उघडायचं नाही. पाण्यातून चालून आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी विचारून घ्यावी.

खाडी, तिवरं आणि झाडं

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. रोहित पक्षी येतात म्हणून लोकांचं लक्ष जातं, ते चांगलंच आहे. पण खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला तिवरं, म्हणजे खारफुटी, स्वतःसाठी हवीत. ती लाटेचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, आणि निवट्या-चिंबोऱ्यांची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. चिखलातून वर आलेली ती बोटाएवढी श्वासमुळं मातीच्या भरावाखाली गेली की झाड गुदमरून मरतं. कुऱ्हाड लागतच नाही. एका रात्रीत चार डंपर पुरतात.

१७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड आणि त्यावर भराव यांना मनाई केली, खारफुटी नष्ट करणं हा जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला असल्याचं म्हटलं, आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. म्हणून भराव दिसला तर भांडायला जाऊ नका, विशेषतः रात्री. दुरून फोटो घ्या, ज्यात ठिकाण नोंदलं जाईल असा. गाडीचा क्रमांक, वेळ, दिशा वहीत लिहा. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर तक्रार करा, तक्रार क्रमांक मागून घ्या, आणि तीच तक्रार लेखी स्वरूपात बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे द्या. खारफुटीविषयक समिती त्यांच्याच अखत्यारीत आहे. गुगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं वर्षवार पाहता येतात. ‘तिथे कधी तिवरं नव्हतीच’ या दाव्याला दोन चित्रं शेजारी लावली की पुरतं.

एक अवघड गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. धारण तलावांत गाळ साचला आणि त्यावर तिवरं उगवली. गाळ काढला नाही तर वस्ती बुडते, काढायचा तर तिवरं जातात आणि न्यायालयाची परवानगी लागते. आमच्या गटात यावरून दोन तट पडले. माझं मत असं, की तलावाचं पाणी धरण्याचं काम वस्तीच्या जिवाशी बांधलेलं आहे, तेव्हा परवानगी घेऊन, पाण्याच्या वाटेपुरता गाळ काढावा आणि काठावरची तिवरं राखावीत. पण हे ठरवताना पूर येणाऱ्या घरांतली आणि खाडीत जाळं टाकणारी माणसं समोर बसलेली असावीत.

झाडांसाठी १९७५ चा राज्याचा वृक्ष जतन कायदा हाती आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. तोडण्याआधी महापालिकेला जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतीला सातच दिवस मिळतात. त्यामुळे गटातल्या एकाने रोज वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचायच्या, हे त्याचं कामच ठरवून द्या. उरलेल्यांनी आपल्या रस्त्यावरच्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट मीटरभर मोकळं करून घ्यावं. नवीन रोपं लावण्याचे फोटो सगळे काढतात, जुनं झाड श्वास घेतंय का ते कोणी पाहत नाही.

आवारातलं

कचरा, पाणी, वीज. ओला कचरा क्षेपणभूमीवर कुजला की मिथेन निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. आवारात खत करायचं तर वास येऊ नये यासाठी एकच गुरुकिल्ली: ओल्याच्या दुप्पट कोरडा पाचोळा. पानगळीत पाचोळा जाळू नका, पोत्यांत भरून ठेवा.

पावसाचं पाणी साठवताना जागा पाहा. ३०० चौरस मीटर गच्चीवर २००० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ४ लाख ८० हजार लिटर होतं, म्हणजे दहा हजारी ४८ टँकर. येऊरच्या पायथ्याला विंधन विहिरीत पुनर्भरण करा, फायदा दिसेल. खाडीलगत मात्र जमिनीतलं पाणी मुळातच खारं, तिथे जिरवण्यापेक्षा टाकीत साठवून फ्लश आणि बागेला वापरा. ठेकेदार दोन्हीकडे एकच आराखडा विकतात, तेव्हा हे आपणच विचारायचं.

गच्चीवरच्या सौरऊर्जेसाठी पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. २० किलोवॅटचा संच लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचं बिल खूप खाली आणतो आणि वर्षाला सुमारे २० टन कार्बन डायऑक्साइड वाचवतो. सर्वसाधारण सभेत ठराव मांडण्याआधी वर्षाची बारा बिलं भिंतीवर लावा.

मागणी कशी मांडायची

एका पत्रात एक मागणी. पत्र एका पानाचं. आमचं जे पत्र चाललं त्याचा गाभा असा होता: ‘सोबतच्या नोंदीनुसार मागील पावसाळ्यात तीन वेळा पाणी साचले. तिन्ही वेळा भरती होती. ओहोटी सुरू झाल्यावर दोन तासांत पाणी उतरले. नाल्याच्या तोंडाशी असलेली झडप पूर्ण मिटत नाही, छायाचित्र जोडले आहे. झडपेची तपासणी कोणत्या तारखेला होईल ते कळवावे.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ लिहिलं की उत्तरही ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असंच येतं. तारीख मागा.

पत्र आधी विभाग किंवा प्रभाग कार्यालयात, पोच घेऊन. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात. तरी नसेल तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचं शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पाणी का तुंबते’ असं विचारू नका, कारणं सांगायला ते बांधील नाहीत. ‘अमुक नाल्याच्या सफाईचा कार्यादेश, मोजमाप वहीची प्रत आणि देयकाची प्रत’ असे कागद मागा. पर्यावरणाची हानी चालूच राहिली तर राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्यातलं पीठ आहे. कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून तारखांची वही इथेही कामाला येते.

पैशाची मागणी असेल तर पावसाळ्यात करून उपयोग नाही. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते. ऑक्टोबरमध्ये वही बंद करून तिचा दोन पानी गोषवारा काढा आणि नोव्हेंबरमध्येच तो नगरसेवक, अभियंता आणि लेखा विभाग या तिघांच्या हाती द्या. राज्य शासनाचं ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून चालू आहे आणि त्यात पालिकांना गुण मिळतात. आपलं काम पालिकेच्या गुणांत बसतं हे दाखवलं तर अधिकारी मनापासून मदत करतात, असा माझा अनुभव आहे.

टिकायचं तर

वर्गणी घरटी महिना दहा रुपये, हिशेब दर महिन्याला खांबावर चिकटवायचा. पक्षाचे सगळे कार्यकर्ते बैठकीला येऊ शकतात, पण बॅनर कोणाचाच नाही. मुलांना मोजमापाची जबाबदारी द्या, घोषणांची नको. बरणी वाचणारी मुलगी दुसऱ्या वर्षी बैठकीत स्वतः बोलते.

गटात भांडण होणारच. आमच्याकडे झालं ते पार्किंगवरून, आणि सहा महिने दोन सोसायट्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या काळातही पावसाची नोंद एक दिवस चुकली नाही, कारण ती बरणी तिसऱ्याच इमारतीच्या गच्चीवर होती. म्हणून बरणी, मापक आणि वही तीन वेगळ्या घरांत ठेवा, आणि दर संक्रांतीला घरं बदला.

वही मात्र कपाटात जाता कामा नये. आमची तिसरी वही सध्या वाण्याच्या गल्ल्याशेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेली आहे, पेनासकट. दूध घ्यायला येणारा कोणीही पान उलटतो, कालचा आकडा वाचतो, आणि चुकला असेल तर तिथल्या तिथे सांगतो.